हद्द ओलांडली आणि हाउसिंग बेनिफिट गेले: अनुभव आणि सल्ला हवा आहे

अबोली

नमस्कार मंडळी. मी 17 वर्षांपासून पश्चिम लंडनमध्ये राहते. एका शाळेच्या स्वयंपाकघरात आठवड्याला 18 तास काम करते आणि मुलाला एकटीने वाढवते. मुलगा स्वमग्न आहे आणि त्याला अपंगत्वाचा भत्ता मिळतो. जे घडले त्याला दोन वर्षे होऊन गेली आणि तो विषय मी मनातून काढून टाकला होता; पण गेल्या आठवड्यात आधीच्या भागातल्या कौन्सिलचे (स्थानिक नगरपालिकेचे) पत्र आले आणि सगळे पुन्हा उकरले गेले, म्हणून हा धागा काढते आहे.

ऑक्टोबर 2023 पर्यंत आम्ही एका हाउसिंग असोसिएशनच्या (कमी भाड्याने घरे देणाऱ्या ना-नफा संस्थेच्या) फ्लॅटमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. भाडे आठवड्याला 148 पौंड होते. त्यातले 96 पौंड हाउसिंग बेनिफिटमधून (भाड्यासाठीच्या सरकारी भत्त्यातून) थेट संस्थेकडे जमा होत आणि उरलेले मी भरत असे. त्याशिवाय टॅक्स क्रेडिट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठीचा सरकारी भत्ता, मिळत असे. मुलाची विशेष शाळा शेजारच्या कौन्सिलच्या हद्दीत होती. सकाळच्या बसमधली गर्दी आणि थांब्याच्या घंटीचा आवाज त्याला सहन होत नसे. दोन्ही हातांनी कान दाबून तो दाराशी उभा राही आणि कित्येकदा आम्ही मध्येच उतरून पावसातून चालत शाळा गाठत असू. शाळेपासून चार मिनिटांवर राहणाऱ्या एका कुटुंबाला आमच्या भागात यायचे होते, तेव्हा दोन्ही घरमालक संस्थांच्या परवानगीने आम्ही घरांची अदलाबदल केली. नवे घर जुन्या घरापासून पाच बसथांब्यांवर आहे. मध्ये एक रस्ता लागतो. त्याच्या अलीकडे कचऱ्याचे डबे एका रंगाचे आहेत आणि पलीकडे दुसऱ्या रंगाचे. दोन कौन्सिलांमधली हद्द एवढीच काय ती डोळ्यांना दिसते.

सह्या करण्यापूर्वी मी जुन्या कौन्सिलला फोन करून स्पष्ट विचारले होते की मी पलीकडे गेले तर माझ्या हाउसिंग बेनिफिटचे काय होईल. फोनवरच्या व्यक्तीने सांगितले की पत्ता बदलल्याचा ऑनलाइन फॉर्म भरा, नवी कौन्सिल पुढचे पाहील, तोवर चालू राहील. मी घर बदलण्याच्या आठ दिवस आधी तो फॉर्म भरला आणि पोच जपून ठेवली. नव्या कौन्सिलच्या कार्यालयात गेले तेव्हा खिडकीतल्या बाईंनी माझा पोस्टकोड टाकला, माझी जन्मतारीख विचारली आणि शांतपणे म्हणाल्या, “तुम्ही कामाच्या वयाच्या आहात. आम्ही तुमचा नवा अर्ज घेऊच शकत नाही. तुम्हाला युनिव्हर्सल क्रेडिट मागावे लागेल.” तोपर्यंत जुन्या घराच्या किल्ल्या दुसऱ्याच्या हातात गेल्या होत्या.

जुने अनेक भत्ते एकत्र करून आणलेल्या या नव्या भत्त्यासाठी त्याच दिवशी अर्ज केला. त्या अर्जाबरोबर माझे टॅक्स क्रेडिटही संपले, हे मला नंतर कळले. पहिले पैसे यायला पाच आठवडे लागले. त्या काळात घेतलेली उचल दोन वर्षे हप्त्यांनी फेडली. सगळा हिशेब मांडला तर पूर्वीपेक्षा महिन्याला 110 पौंड कमी मिळू लागले. माझ्या जुन्या इमारतीतल्या मैत्रिणीची परिस्थिती हुबेहूब माझ्यासारखी आहे. ती हलली नाही. तिला 2024 च्या उन्हाळ्यात सरकारची नोटीस आली, तिने मुदतीत अर्ज केला आणि तिचे उत्पन्न कमी होऊ नये म्हणून तिला वेगळी भर मिळाली.

आणि आता हे पत्र: घर सोडल्यानंतरही तीन आठवडे हाउसिंग बेनिफिट जात राहिले, तेव्हा 288 पौंड परत करा. माझे काय चुकले, आणि आता काही करता येईल का, हे जाणकारांनी सांगावे.

देवराई

अबोलीताई, मी मिडलँड्समधल्या एका धर्मादाय सल्लाकेंद्रात आठवड्यातून दोन दिवस बसतो आणि तुमच्यासारखी प्रकरणे मी कितीतरी पाहिली आहेत. आधी हे सांगतो की तुमचे काहीही चुकलेले नाही.

हाउसिंग बेनिफिटचे नियम देशभर एकच आहेत आणि त्याचा पैसाही मुख्यतः केंद्र सरकारच्या तिजोरीतून येतो; पण ते देण्याचे काम कायद्याने स्थानिक कौन्सिलकडे आहे आणि प्रत्येक कौन्सिल फक्त आपल्या हद्दीतल्या घरापुरते ते देते. त्यामुळे हद्दीच्या आत घर बदलले तर तो केवळ परिस्थितीतला बदल मानला जातो आणि जुना दावा पुढे चालू राहतो. हद्द ओलांडली की जुना दावा संपतो आणि नव्या कौन्सिलकडे नवा अर्ज करावा लागतो. पूर्वी यामुळे फार तर काही आठवड्यांचा खोळंबा होत असे. मात्र 2012 च्या वेल्फेअर रिफॉर्म अ‍ॅक्टने आणलेले युनिव्हर्सल क्रेडिट डिसेंबर 2018 पर्यंत देशाच्या सगळ्या भागांत पूर्णपणे लागू झाले आणि तेव्हापासून कामाच्या वयाच्या माणसाला, थोडे अपवाद वगळता, हाउसिंग बेनिफिटचा नवा अर्ज करण्याची वाटच उरली नाही. जुना दावा चालू ठेवता येत होता, नवा करता येत नव्हता. तुमच्या पाच थांब्यांनी जुना दावा संपवला आणि नव्याची वाट बंद होती.

सरकारी भाषेत याला ‘नैसर्गिक स्थलांतर’ म्हणतात. म्हणजे परिस्थिती बदलल्यामुळे माणूस आपणहून युनिव्हर्सल क्रेडिटवर आला असे धरले जाते आणि अशा माणसाला संक्रमणकालीन संरक्षण मिळत नाही. सरकारने स्वतः नोटीस पाठवून, तीन महिन्यांची मुदत देऊन ज्यांना हलवले त्यांना ते मिळते. तुमच्या मैत्रिणीला मिळालेली भर ती हीच. ‘नैसर्गिक’ हा शब्द मला फार खटकतो, कारण मुलाच्या शाळेजवळ जाणाऱ्या आईने भत्त्याची व्यवस्था बदलायची निवड केलेली नसते.

तुमची रक्कम का घटली याचेही कारण सांगतो, कारण ते अनेकांना कळत नाही. अपंग मुलासाठी टॅक्स क्रेडिटमध्ये जो घटक मिळत असे, त्याच्या जवळपास निम्मीच रक्कम युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये खालच्या दराने मिळते. ज्या मुलांना भत्त्यातला देखभालीचा सर्वोच्च दर मिळतो त्यांची गोष्ट वेगळी आहे, कारण त्यांना वरचा दर लागू होतो. मुलाचा दर मधला असेल आणि त्याची गरज वाढली असेल, तर त्याचे पुनरावलोकन मागण्याचा विचार करा. पण तो मिळालेला दर पुन्हा तपासला जातो आणि खालीही येऊ शकतो, म्हणून सल्लागाराशी बोलल्याशिवाय तो अर्ज करू नका.

आता 288 पौंडांचे. यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एप्रिल 2018 पासून हाउसिंग बेनिफिटवरून युनिव्हर्सल क्रेडिटवर जाणाऱ्यांना दोन आठवड्यांचे हाउसिंग बेनिफिट जादा मिळते आणि ते परत करायचे नसते. तीन आठवड्यांतले दोन त्यात धरले आहेत का, हे लेखी विचारा. उरलेल्या आठवड्याबद्दल असे सांगा की तुम्ही बदल आधीच कळवला होता, तरीही पैसे देत राहणे ही कार्यालयाची चूक आहे, आणि ते पैसे आपल्याला मिळायला नकोत हे तुम्हाला कळण्यासारखे नव्हते. अशी रक्कम वसूल करता येत नाही. पत्राच्या तारखेपासून एका महिन्याच्या आत लेखी हरकत गेली पाहिजे, त्यामुळे आजच लिहायला बसा. ऑनलाइन फॉर्मची पोच सोबत जोडा. तुमच्या हातातला सर्वात महत्त्वाचा कागद तोच आहे.

जुना पोस्टमन

अबोलीताई, मी वयाने तुमच्या वडिलांसारखा आहे, म्हणून हक्काने लिहितो. मूळचा रत्नागिरीचा, लंडनमध्ये 28 वर्षे टपाल वाटले. 2022 साली आम्ही दोघे मुलीजवळ राहण्यासाठी उत्तरेकडच्या एका शहरात आलो. आम्ही दोघेही पेन्शनच्या वयाचे असल्यामुळे हाउसिंग बेनिफिटचे दार आमच्यासाठी उघडे होते आणि नव्या कौन्सिलने आमचा अर्ज घेतला. तरीही नऊ आठवडे आमच्या हातात काही पडले नाही, आणि त्याचे कारण वाचणाऱ्या वडीलधाऱ्यांना उपयोगी पडेल.

नव्या कौन्सिलला आमच्याबद्दल काहीच ठाऊक नव्हते. जुन्या कौन्सिलकडे आमची 11 वर्षांची फाइल होती, पण ती फाइल आमच्याबरोबर आली नाही. भाडेकरार, पेन्शनची पत्रे, बँकेचे उतारे, सगळे पहिल्यापासून द्यावे लागले. रत्नागिरीतल्या बँकेत आईच्या नावाचे घर विकून आलेल्या पैशांतला माझा वाटा मुदत ठेवीत आहे. तो मी जुन्या कौन्सिलला पहिल्या दिवसापासून सांगितला होता आणि नव्यालाही सांगितला, पण पासबुकावरची शेवटची नोंद चौदा महिन्यांपूर्वीची होती. ताजी नोंद करून घेण्यासाठी पुतण्याला बँकेत पाठवले, त्याने फोनवरून पानांचे फोटो धाडले, मग त्याचे पौंडांत रूपांतर करून दिले. भारतातली बचतही भांडवलात मोजली जाते, हे सर्वांनी लक्षात ठेवावे आणि लपवू नये. पेन्शन क्रेडिटचा (कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांसाठीच्या भत्त्याचा) हमी भाग मिळत नसेल, तर 16,000 पौंडांच्या वर बचत गेल्यास हाउसिंग बेनिफिट मिळत नाही.

आमच्या चुकाही सांगतो. घर बदलून आम्ही तीन आठवडे अर्जच केला नाही, कारण आधी सामान लावू या असे हिला वाटले. पेन्शनच्या वयाच्या माणसाला मागील तीन महिन्यांपर्यंतचे हाउसिंग बेनिफिट मागता येते म्हणून आम्ही वाचलो. कौन्सिल टॅक्समधली (घरपट्टीसारख्या स्थानिक करातली) सवलतही आपोआप आली नाही. तिचा अर्ज नव्या कौन्सिलकडे वेगळा करावा लागला. आणि दोन घरांचे भाडे काही काळ एकदमच देणे टाळता येत नसेल, तर चार आठवड्यांपर्यंत दोन्ही घरांसाठी हाउसिंग बेनिफिट मिळण्याची तरतूद आहे. आम्हाला ती कोणी सांगितली नाही आणि आम्ही मागितली नाही.

आणखी एक. घर सोडल्यावर नव्या घराचा ताबा मिळेपर्यंत काही जण भारतात जाऊन येतात. जुलै 2016 पासून देशाबाहेरच्या वास्तव्यात हाउसिंग बेनिफिट साधारणपणे चार आठवड्यांपुरतेच चालू राहते, पूर्वी ही मर्यादा 13 आठवड्यांची होती. आणि परत यायला घरच नसेल तर तेवढेही मिळत नाही. स्थलांतर आणि गावाकडची फेरी एकत्र करू नका.

देवराई

पोस्टमनकाका, फार उपयोगी लिहिलेत. त्यात एक भर घालतो. जोडप्यातले एक जण पेन्शनच्या वयाचे आणि दुसरे त्याहून लहान असेल, तर 15 मे 2019 पासून नवा अर्ज युनिव्हर्सल क्रेडिटचाच करावा लागतो. त्या तारखेच्या आधीपासून ज्यांचे पेन्शन क्रेडिट अखंड चालू आहे, त्यांना संरक्षण आहे. तेव्हा नवरा 70 चा आणि बायको 62 ची अशा जोडप्यांनी मुलांजवळ जाण्यासाठी कौन्सिल बदलण्यापूर्वी हे तपासून घ्यावेच. माझ्यासमोर बसलेल्या एका काकूंना हे घर बदलल्यानंतर कळले. त्या रडल्या नाहीत, पण हातातली पर्स उघडून मिटत, उघडून मिटत बराच वेळ बसून राहिल्या.

कोयना

मी थोडे वेगळे मत मांडते. मला स्वतःला नियमापेक्षा माहिती न देण्याचा जास्त राग येतो. जुनी पद्धत कधीतरी बंद होणारच होती आणि कुठलीतरी रेषा आखावी लागणारच होती. टॅक्स क्रेडिट तर 5 एप्रिल 2025 ला कायमचेच बंद झाले. परंतु ताईंनी सही करण्यापूर्वी विचारले होते, आणि त्यांना सांगितले गेलेले उत्तर चुकीचे होते. ते उत्तर बरोबर मिळाले असते तर त्या सात-आठ महिने थांबल्या असत्या आणि नोटीस आल्यावर संरक्षणासह हलल्या असत्या.

शिवाय खासगी भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना युनिव्हर्सल क्रेडिटवर असतानाही हद्द ओलांडल्याचा फटका बसतो. भाड्यासाठी किती मदत मिळेल हे त्या भागाच्या स्थानिक दरावर ठरते आणि ते भाग कौन्सिलच्या हद्दींशी जुळतातच असे नाही. हे दर 2020 ते 2024 गोठवलेले होते, एप्रिल 2024 मध्ये वाढले आणि पुन्हा गोठवले. मी लंडनमधून बाहेरच्या गावात गेले तेव्हा भाडे कमी झाले म्हणून आनंदात होते, पण एकूण भत्त्यांवरची कमाल मर्यादाही तिथे कमी असते. कुटुंबासाठी ती लंडनमध्ये वर्षाला 25,323 पौंड आहे आणि लंडनबाहेर 22,020 पौंड. भाड्यात वाचलेले त्यात गेले. घर पाहायला जाण्याआधी तिथला पोस्टकोड टाकून दर पाहावा, आणि मर्यादा आपल्याला लागू होते का तेही पाहावे.

देवराई

कोयनाताई, माहितीबद्दल तुमचे म्हणणे शंभर टक्के मान्य. युनिव्हर्सल क्रेडिटवर असलेल्यांसाठी आणखी एक बारकावा: महिन्याच्या हिशेबाच्या शेवटच्या दिवशी जे घर असेल, त्याचेच भाडे त्या संपूर्ण महिन्यासाठी धरले जाते. दोन घरांचे भाडे काही दिवस एकदम भरावे लागले तर हाउसिंग बेनिफिटमध्ये जशी चार आठवड्यांची सोय होती तशी इथे सर्वसाधारणपणे नाही. म्हणून घर बदलण्याची तारीख आणि हिशेबाची तारीख एकमेकींसमोर ठेवून पाहावी.

विदुर

कोयनाताई, तुमच्याशी मी एका बाबतीत सहमत नाही. नियमही चुकीचाच होता, आणि हे माझे मत नाही, न्यायालयाने तसे म्हटले आहे. ते प्रकरण मराठीत फारसे कोणी लिहिलेले नाही म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

टीपी आणि एआर एवढ्याच आद्याक्षरांनी ओळखले जाणारे दोन गंभीर अपंगत्व असलेले पुरुष न्यायालयात गेले होते. टीपी असाध्य आजाराने ग्रस्त होते आणि उपचारांसाठी लंडनला आले. एआर बेडरूम टॅक्स (घरात जादा खोली असल्यास हाउसिंग बेनिफिटमध्ये होणारी कपात) परवडत नव्हता म्हणून मिडल्सब्रोहून हार्टलपूलला गेले. दोघांनीही कौन्सिलची हद्द ओलांडली, आणि तेवढ्या कारणाने दोघांचे जुने भत्ते संपून युनिव्हर्सल क्रेडिट सुरू झाले. जुन्या पद्धतीत एकट्या राहणाऱ्या गंभीर अपंग व्यक्तीला ज्या दोन जादा रकमा मिळत, त्यांना नव्या पद्धतीत जागाच नव्हती. टीपींचे नुकसान महिन्याला सुमारे 178 पौंडांचे होते. याच माणसांनी त्याच कौन्सिलच्या हद्दीत घर बदलले असते तर त्यांचा एक पैसाही गेला नसता. जून 2018 मध्ये उच्च न्यायालयाने नेमक्या या फरकावर बोट ठेवले. एकाच परिस्थितीतल्या दोन अपंग माणसांपैकी एक हद्दीच्या आत हलला आणि दुसरा बाहेर हलला, एवढ्यावरून दुसऱ्याचे उत्पन्न असे कोसळू देणे हा भेदभाव आहे, असा तो निकाल होता.

निकालाच्या काही दिवस आधीच सरकारने जाहीर केले होते की यांतली गंभीर अपंगत्वाची जादा रक्कम मिळवणाऱ्यांना अशा कारणांनी हलवले जाणार नाही. 16 जानेवारी 2019 पासून 27 जानेवारी 2021 पर्यंत तशी अडसराची व्यवस्था होती, म्हणजे अशी व्यक्ती कौन्सिल बदलली तरी हाउसिंग बेनिफिटचा नवा अर्ज करू शकत होती. ज्यांचे आधीच नुकसान झाले होते त्यांना महिन्याला 80 पौंड देऊन वाटेला लावायचा प्रयत्न झाला, जेव्हा खरे नुकसान 180 च्या आसपास होते. तोही मे 2019 मध्ये बेकायदा ठरला आणि जानेवारी 2020 मध्ये अपील न्यायालयाने सरकारचे अपील फेटाळले. जानेवारी 2021 मध्ये अडसर उठल्यावर अशा कारणांनी हलणाऱ्यांना ठरावीक रकमेची भर मिळू लागली.

अबोलीताई, दुर्दैवाने हे संरक्षण ती विशिष्ट जादा रक्कम मिळणाऱ्यांपुरतेच आहे, केवळ अपंग मुलाच्या घटकावरून ते मिळत नाही. म्हणून या निकालाच्या आधारे तुम्हाला काही मिळेल अशी आशा मी दाखवणार नाही. पण पाच थांब्यांवरून हक्क तुटणे अन्यायाचे आहे असे तुम्हाला वाटते, ते वाटणे पोकळ नाही. न्यायाधीशांनाही तेच वाटले होते.

प्राजक्ता

एक अपवाद ठळकपणे नोंदवावासा वाटतो, कारण त्याची माहिती नसल्यामुळे बायका घर सोडायला घाबरतात. घरातल्या हिंसेपासून पळून दुसऱ्या कौन्सिलमधल्या आधारगृहात गेलेल्या स्त्रीला, ती कोणत्याही वयाची असली तरी, तिथल्या कौन्सिलकडे हाउसिंग बेनिफिटचा नवा अर्ज करता येतो. आधारगृहे आणि देखभालीसह दिलेली काही घरे ‘विशिष्ट निवास’ या वर्गात येतात आणि त्यांचे भाडे आजही हाउसिंग बेनिफिटमधूनच दिले जाते. बाकीच्या खर्चासाठी त्याच वेळी युनिव्हर्सल क्रेडिट घेता येते. बेघर म्हणून कौन्सिलने दिलेल्या तात्पुरत्या निवासालाही हा अपवाद लागू आहे. परतण्याचा विचार असेल तर सोडलेल्या घराचे भाडेही काही काळ मिळू शकते. मी ज्या आधारगृहात मदतीला जाते तिथे आम्ही स्त्री आल्या दिवशीच हा अर्ज भरून घेतो, बहुतेक वेळा ओळखपत्रही नसताना. कागद नंतर देता येतात, पण अर्जाची तारीख मागे नेणे कठीण असते.

नवखा

मी स्किल्ड वर्कर व्हिसावर आहे आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या कौन्सिलमध्ये राहायला जातो आहे. तिथे मला अर्ज करता येईल का?

देवराई

नाही. तुमच्या व्हिसावर सार्वजनिक निधीचा लाभ घेण्यास मनाई अशी अट असते. हाउसिंग बेनिफिट, युनिव्हर्सल क्रेडिट आणि कौन्सिल टॅक्समधली उत्पन्नावर आधारित सवलत हे तिन्ही त्या निधीत मोडतात. अर्ज केल्यास पुढच्या व्हिसाला अडचण येऊ शकते. मात्र एकट्या राहणाऱ्या प्रौढाला कौन्सिल टॅक्समध्ये मिळणारी 25 टक्क्यांची सूट त्या निधीत मोडत नाही. तुम्ही एकटे राहणार असाल तर ती अवश्य मागा.

अबोली

सर्वांचे मनापासून आभार. थोडा उशीर झाला, पण काय झाले ते सांगितल्याशिवाय हा धागा सोडवत नाही.

देवराईदादांनी सांगितल्याप्रमाणे मी त्याच रात्री हरकतीचे पत्र लिहिले, पोच जोडली आणि माझ्या फोनच्या नोंदीची प्रत मागितली. सहा आठवड्यांनी उत्तर आले. दोन आठवड्यांचे 192 पौंड संक्रमणाची रक्कम म्हणून धरले गेले. उरलेले 96 पौंड कार्यालयाच्या चुकीमुळे दिले गेले असे मान्य करून माफ झाले. म्हणजे मला काही परत करायचे नाही.

फोनच्या नोंदीत माझा प्रश्न आणि मला मिळालेले उत्तर दोन्ही लिहिलेले होते. ते एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले: ‘ग्राहकास दावा सुरू राहील असे कळवले.’ त्यावर मी वेगळी तक्रार केली. कौन्सिलने लेखी माफी मागितली आणि मनस्तापापोटी 250 पौंड दिले. हाउसिंग बेनिफिट बंद करण्याचा निर्णय मात्र कायद्याने बरोबर होता आणि तो बदलणार नाही, हेही त्याच पत्रात आहे. लोकपालाकडे जाण्याची मुभा आहे, आणि जावे की नाही याचा मी अजून विचार करते आहे. महिन्याचे 110 पौंड काही परत येणार नाहीत, आणि दोन वर्षांत ते किती झाले याचा हिशेब मी एकदा केला आणि वही मिटून ठेवली.

एक गोष्ट मात्र मला इथेच लिहायची आहे. मुलाच्या शिक्षणाचा आणि देखभालीचा जो कायदेशीर आराखडा आहे, तो जुन्या कौन्सिलने केला होता. आम्ही हललो तेव्हा कायद्यानेच तो पूर्णच्या पूर्ण नव्या कौन्सिलकडे सोपवला गेला. त्याच्या बोलण्याच्या उपचारांचे तास, वर्गातली मदतनीस, आवाज बंद करणारे हेडफोन, सगळे कागदासकट रस्ता ओलांडून आले आणि एक दिवसही खंड पडला नाही. ते करता येते, तर घराच्या भाड्याचे का करता आले नाही, हे मी त्या तक्रारीत लिहिले होते. त्या मुद्द्याचे उत्तर पत्रात नाही.

प्राजक्ताताई, तुमचा प्रतिसाद मी छापून आमच्या शाळेच्या स्वयंपाकघराबाहेरच्या फळ्यावर लावला आहे. पोस्टमनकाका, इथे एक गुजराती आजी मुलाजवळ लेस्टरला जायचे म्हणत आहेत. त्यांना तुमचे भारतातल्या पासबुकाचे प्रकरण समजावून सांगितले. त्यांनी सुरतेला फोन करून पासबुकात नोंद करून घ्यायला सांगितले आहे, आणि नोंद आल्यावरच त्या घर सोडण्याची नोटीस देणार आहेत.